न लिंपलेली खिडकी

क्योतो शहराच्या नैर्ऋत्येला यामाझाकी येथे म्योकीआन नावाचे एक छोटे झेन देऊळ आहे आणि त्याच्याच आवारात ताइआन ही चहाची खोली. जपानी चहाविधीला, म्हणजे चानोयूला, ज्याने त्याचे सर्वांत प्रभावी रूप दिले त्या सेन नो रिक्यूने (1522–1591) ती 1582 च्या सुमारास उभारली असे मानले जाते. त्याच्या योजनेतली म्हणून शिल्लक राहिलेली ही एकच खोली. मुख्य जागा दोन तातामी चटयांची, म्हणजे सुमारे 40 चौरस फूट. आत जायचे दार जेमतेम अडीच फूट उंच. सरदार असो वा व्यापारी, गुडघ्यांवर येऊन आणि मान वाकवूनच आत शिरावे लागते. भिंती मातीने लिंपलेल्या कुडाच्या, आणि त्या मातीत मिसळलेल्या पेंढ्याच्या काड्या वर दिसतात. खिडकी कशी केली आहे ते तर मुद्दाम पाहावे. कूड लिंपताना एक चौकोन लिंपायचा सोडून दिला, एवढीच ती खिडकी. जिथे माती चढली नाही तिथे आतली कामट्यांची जाळी उघडी राहिली आणि तिच्यातून उजेड आत आला. चौकट नाही, कोरीवकाम नाही, वेगळे लाकूडसुद्धा नाही.

पहिल्या नजरेत ही खोली एखाद्या गरीब शेतकऱ्याच्या खोपटासारखी, आपोआप झाल्यासारखी वाटते. थोडा वेळ पाहिले की लक्षात येते, की इथे आपोआप झालेले काहीच नाही. गुंडाळीचे चित्र टांगायच्या कोनाड्यात कोपऱ्याचे खांब मातीखाली लपवले आहेत आणि कोपरे गोलसर केले आहेत. त्यामुळे कोनाडा नेमका किती खोल आहे याचा डोळ्याला अंदाज येत नाही आणि खोली आहे त्यापेक्षा मोठी भासते. एवढ्याशा छताचे तीन भाग केले आहेत आणि त्यातला एक उतरता ठेवला आहे, म्हणजे खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर ते दडपण आणत नाही. न लिंपलेल्या खिडक्यांची जागा आणि मापे ठरवूनच उजेड किती आणि कुठे पडेल हे ठरवले आहे. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो: जे इतके विचारपूर्वक घडवले आहे त्याला सहज म्हणायचे कशाच्या आधारावर? या प्रकरणात मला जे मांडायचे आहे ते या प्रश्नाचे उत्तर आहे. चानोयूतली सहजता वस्तूच्या आणि कृतीच्या कारणात असते. एखाद्या वस्तूचा घाट तिच्या कामातून आणि ज्या द्रव्याची ती बनली त्यातून आला असेल, आणि ते काम समोर बसलेल्या पाहुण्यासाठी असेल, तर ती वस्तू कितीही विचारपूर्वक केलेली असो, ती सहज आहे. उलट, साधे दिसावे या इच्छेतूनच तिचा घाट आला असेल, तर ती कितीही ओबडधोबड असली तरी सजावटच आहे.

हा साधेपणा आला कुठून, हे आधी पाहू. पंधराव्या शतकात जपानच्या शोगुनांच्या आणि सरदारांच्या घरी चहा म्हणजे संग्रहाचे प्रदर्शन होते. चीनहून आलेली चित्रे, निळसर-हिरव्या झिलईची भांडी, लाखकामाची तबके मोठ्या दालनांत मांडून ठेवत, आणि चहा बहुधा दुसऱ्या खोलीत तयार होऊन पाहुण्यांपुढे येई. मुराता जुको (1423–1502) याने या थाटाला पहिला मोठा छेद दिला असे परंपरा मानते. त्याने फुरुइची चोइन नावाच्या शिष्याला लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयातला तो सर्वांत मोलाचा कागद आहे. चिनी आणि जपानी वस्तूंमधली सीमारेषा पुसली जावी असे जुको त्यात सांगतो. पण त्याच पत्रात तो एक सावधगिरीची सूचनाही देतो. नवशिकी माणसे बिझेन आणि शिगाराकी इथली खरबरीत भांडी जवळ बाळगतात आणि आपल्याला परिपक्वतेची थंड, सुकलेली अवस्था गाठता आली असे भासवतात, हे त्याला मुळीच मान्य नाही. चांगल्या वस्तूंची पुरती ओळख झाल्यावर, मनाच्या तयारीतून जे येते तेच खरे, असा त्याचा आग्रह आहे. म्हणजे साधेपणाचे सोंग हा धोका, रिक्यूच्या जन्माआधी, या वाटेच्या पहिल्या माणसालाच दिसला होता. पुढे टीकाकारांनी चानोयूवर जो आरोप केला तो आधी चानोयूनेच स्वतःवर केलेला आहे.

जुकोनंतर साकाई बंदरातला श्रीमंत व्यापारी ताकेनो जोओ (1502–1555) आणि त्याचा शिष्य रिक्यू, हाही साकाईचाच, यांनी ही वाट पुढे नेली. रिक्यूने काय केले याची साक्ष त्याच्याविषयीच्या गोष्टींपेक्षा वस्तूंकडून घ्यावी. कारण ज्या ग्रंथातून झेनमय रिक्यूची प्रतिमा आपल्यापर्यंत आली तो ‘नाम्पोरोकु’ त्याच्या मृत्यूनंतर शंभरएक वर्षांनी पुढे आला आणि त्याच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांना गंभीर शंका आहेत. ओकाकुरा काकुझो यांनी 1906 मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या ‘द बुक ऑफ टी’मुळे जगभर पसरलेली एक गोष्ट आहे: अंगण झाडून लख्ख केलेले पाहून रिक्यू झाड हलवतो आणि चार पाने खाली पाडतो. ही गोष्ट फार लोकप्रिय आहे, पण सहजतेचा पुरावा म्हणून मला ती सर्वांत दुबळी वाटते. पडलेल्या पानांचा भास निर्माण करण्यासाठी झाड हलवणे हे जुकोने ज्याला नाव ठेवले त्याच्याच फार जवळ जाते.

वस्तूंची साक्ष मात्र भक्कम आहे. 1586 मधल्या एका चहाच्या बैठकीच्या नोंदीत ‘सोएकी घाटाचा वाडगा’ असा उल्लेख येतो. सोएकी हे रिक्यूचेच नाव. हा वाडगा चोजिरो नावाच्या कारागिराने केलेल्या जातीचा असावा असे अभ्यासक मानतात. पुढे ज्याच्या घराण्याला रकु हे नाव मिळाले तो हा चोजिरो. त्याने कुंभाराचे चाक वापरले नाही. माती हातांनी उभारून तो नंतर हत्याराने खरवडत असे. रकुची माती कमी आचेवर भाजली जाते आणि भुसभुशीत राहते, त्यामुळे आतल्या गरम चहाची धग हाताला सावकाश पोचते. भांड्याला कान नसतानाही ते दोन्ही हातांनी धरता येते. काळ्या रंगावर फेटलेल्या चहाचा हिरवा रंग उठून दिसतो. भिंती जवळजवळ सरळ, बूड रुंद, म्हणजे बांबूची फेटणी आत मोकळी फिरते. या वाडग्यात एकही गोष्ट अपघाताने झाल्यासारखी दाखवलेली नाही. तो वाकडा नाही, फुटका नाही. हाताने केलेल्या भांड्यात जेवढी विषमता येणारच तेवढीच त्यात आहे. तिला वाढवलेही नाही आणि घासून काढलेही नाही. सहजतेचा इतका शुद्ध नमुना दुसरा सापडणे कठीण.

दुसरी वस्तू म्हणजे ‘ओंजोजी’ हे बांबूचे फुलपात्र. 1590 मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या ओदावारावरच्या मोहिमेत रिक्यू बरोबर होता, तेव्हा निरायामाचा बांबू तोडून त्याने ते कापले. आज ते तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या पुढच्या अंगाला उभी चीर गेली आहे. ओंजोजी देवळाच्या तडा गेलेल्या घंटेवरून त्याला नाव पडले. इथे आक्षेप घेता येईल, की तडा मिरवणे हा साधेपणाचा देखावाच झाला. पण रिक्यूने केले काय ते पाहावे: बांबू कापला, फुलासाठी एक तोंड ठेवले आणि थांबला. वाळताना बांबू तडकतो, तो त्याचा धर्म आहे. चीर त्याने पाडली नाही आणि ती लपवण्यासाठी लाखेचा लेपही दिला नाही. ज्या काळात फुलांसाठी चिनी ब्राँझची पात्रे प्रतिष्ठेची होती, त्या काळात छावणीत हाताशी मिळालेल्या बांबूत फूल ठेवणे यामागे परिस्थिती होती, पाहुणा होता, आणि दोन्हींना पुरेल एवढेच काम होते.

आता मोठ्या आक्षेपाकडे येऊ. चहाविधीत पाऊल कुठे ठेवायचे, रेशमी फडक्याची घडी कशी घालायची, बांबूचा चमचा किती वेळा पुसायचा, याचे नियम आहेत आणि ते शिकायला वर्षे जातात. अशा जखडलेल्या कृतीला सहज म्हणणे हा शब्दांचा खेळ आहे, असे अनेकांना वाटते. या आक्षेपाला तत्त्वज्ञानाने उत्तर देण्यापेक्षा नियम उघडून पाहावेत. नोव्हेंबर ते एप्रिल विस्तव जमिनीत केलेल्या चौकोनी चुलखंडात, पाहुण्याच्या जवळ असतो. मे ते ऑक्टोबर तो उचलून ठेवण्याच्या शेगडीत जातो आणि पाहुण्यापासून लांब सरकतो. उन्हाळ्याच्या ऐन भरात उथळ, पसरट वाडगा काढतात, कारण त्यात चहा लवकर निवतो. कडाक्याच्या थंडीत उभट, खोल वाडगा, कारण त्यात ऊब टिकते. चहा करण्याआधी फेटणी गरम पाण्यात बुडवतात, तेव्हा तिच्या बारीक काड्या मऊ होतात, मोडून चहात पडत नाहीत, आणि त्याच पाण्याने वाडगाही तापतो. कोळसा आधी धुऊन वाळवतात, म्हणजे त्याची भुकटी निघून जाते आणि ठिणग्या उडत नाहीत. चहासाठी पाणी उकळते नको, म्हणून यजमान भांड्यात थंड पाण्याची पळी घालतो असे प्रसंगही नियमात बसवलेले आहेत. एकेका नियमाखाली उष्णता, पाणी, लाकूड किंवा माणसाची सोय सापडते. सगळ्याच नियमांखाली सापडते असे मी म्हणणार नाही. घराण्याघराण्यांत भेद आहेत, आणि काही हालचाली केवळ त्या घराण्याची खूण म्हणून राहिल्या आहेत. पण गाभा कामाचा आहे.

आणि नियम पाठ होतात तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. पुढे काय करायचे याचा विचार यजमानाला करावा लागत नाही, म्हणून त्याचे लक्ष मोकळे होते. पाणी खदखदण्याचा आवाज बदलला, पाहुण्याचे पाय अवघडले, बाहेर पाऊस सुरू झाला, हे त्याला कळते. नवशिका यजमान स्वतःच्या हातांकडे पाहतो. मुरलेला यजमान पाहुण्याकडे. क्योतो विद्यापीठात शिकवलेले तत्त्वज्ञ हिसामात्सु शिन्इची (1889–1980) यांनी झेन आणि कला यांच्यावरील ग्रंथात जी सात लक्षणे सांगितली त्यांत साधेपणा आणि सहजता ही दोन्ही आहेत. निसर्गात आहे तसे कच्चे राहणे किंवा मनाला येईल तसे वागणे म्हणजे सहजता, हा अर्थ हिसामात्सु नाकारतात. ज्यात हेतू पूर्णपणे मुरला आहे आणि ओढाताण उरलेली नाही, तिला ते सहजता म्हणतात. मला हे पटते. अडचण एवढीच, की त्यांनी तिचे मूळ साधकाच्या आंतरिक जागृतीत नेऊन ठेवले, आणि ती जागृती समोर बसलेल्या पाहुण्याला तपासता येत नाही. यजमानाच्या हातून काय घडले आणि ते कशासाठी घडले हे मात्र तपासता येते. म्हणून मी कसोटी वस्तूकडे आणि कृतीकडे ठेवतो.

पैशाचा आक्षेप याहून जड आहे. 1574 मध्ये गोव्यात उतरलेला आणि तिथून जपानला गेलेला जेसुइट पाहणीप्रमुख आलेस्सांद्रो वालिन्यानो याने लिहून ठेवले आहे, की चहाची पूड ठेवायचे एक मातीचे छोटेसे भांडे एका जपानी सरदाराने हजारो सोन्याच्या नाण्यांइतकी किंमत देऊन घेतले होते. युरोपात अशा भांड्यात पिंजऱ्यातल्या पक्ष्याला पाणी ठेवले असते, असेही तो म्हणतो. किझाएमोन नावाने प्रसिद्ध असलेला इदो जातीचा वाडगा पाहा. सोळाव्या शतकात कोरियात, फारसा विचार न करता भराभर केलेल्या भांड्यांपैकी तो एक. ते रोजच्या जेवणाचे होते की धार्मिक कार्याचे यावर मतभेद आहेत, पण चहासाठी ते केलेले नव्हते हे बहुतेकांना मान्य आहे. आज तो जपानचे राष्ट्रीय वैभव म्हणून दाइतोकुजी देवळाच्या कोहोआन या उपमंदिरात, पेट्यांच्या आत पेट्यांमध्ये जपलेला आहे. लोककलेचे पुरस्कर्ते यानागी सोएत्सु यांनी तो 1931 मध्ये हातात घेऊन पाहिला आणि पुढे त्याच्याविषयी लिहिताना त्याच्या सौंदर्याचे श्रेय अनाम कारागिराच्या साधेपणाला दिले. एडो काळातला कन्फ्यूशियन पंडित दाझाइ शुन्दाइ याने तर जुन्या, मळक्या भांड्यांचे हे कौतुक सरळ धुडकावून लावले होते. खुद्द रिक्यूलाही या आरोपातून सुटता येत नाही. 1591 मध्ये हिदेयोशीने त्याला पोट चिरून मरण्याची आज्ञा केली, तेव्हा दाइतोकुजीच्या दरवाज्यावर त्याचा पुतळा बसवल्याच्या कारणाबरोबर, चहाची भांडी अवाच्या सवा भावाने विकल्याचा ठपकाही तत्कालीन नोंदींत येतो. तो खरा होता की निमित्त होते, हे ठरवणे अवघड आहे.

या आक्षेपातले तथ्य मी पूर्णपणे मान्य करतो आणि तरीही माझे म्हणणे सोडत नाही. किंमत ही वस्तूच्या घाटाबाहेरची गोष्ट आहे. ती मागाहून चिकटते. किझाएमोन घडवणाऱ्या कुंभाराला त्याची पुढची किंमत ठाऊक नव्हती, म्हणून त्याच्या बोटांच्या खुणा आणि बुडाजवळ गोळा झालेली झिलई आजही तेवढीच निर्व्याज आहे. बिघडला तो वाडगा नव्हे, वाडग्याशी माणसांचे असलेले नाते. आणि चानोयूचा पाया नात्यावर असल्यामुळे ही हानी लहान मानता येत नाही. पेटीत बंद राहून वर्षानुवर्षे ज्यात चहा पडत नाही, त्या वाडग्याकडे सौंदर्य उरते, काम उरत नाही. व्यापारी घराण्यांच्या श्रीमंतीतून आलेल्या या साधेपणाला गरिबी म्हणणे तर मुळीच योग्य नाही. साकाईचे व्यापारी गरीब नव्हते आणि आपण गरीब आहोत असे त्यांनी समजण्याचे कारणही नव्हते. ज्याच्याकडे सगळे आहे त्याने पाहुण्यापुढे किती ठेवावे, हा त्यांचा प्रश्न होता. ज्याच्याकडे काहीच नाही त्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो चानोयूने सोडवलेला नाही.

सोन्याच्या खोलीचा दाखला याच संदर्भात हटकून दिला जातो. हिदेयोशीने तीन तातामींची, भिंती-छत-खांब सोन्याच्या पत्र्याने मढवलेली, सुटी करून हलवता येणारी चहाची खोली करवली आणि 1586 मध्ये ती राजवाड्यात नेऊन सम्राट ओगिमाचीला तिथे चहा दिला. त्या वेळी रिक्यू हिदेयोशीचा प्रमुख चहागुरू होता आणि या खोलीशी त्याचा काहीच संबंध नव्हता असे मानणे कठीण आहे. मग रिक्यूचा साधेपणा दिखाऊ होता का? मला तसे वाटत नाही. सत्ताधाऱ्याने सम्राटापुढे आपले सामर्थ्य मांडणे हे त्या खोलीचे काम होते आणि ते काम तिने लपवले नाही. ताइआनचे काम दोन-तीन माणसांनी जवळ बसून चहा पिणे, हे होते. रिक्यू दोन्हींकडे वावरला, कारण तो दरबारचा नोकर होता. आणि शेवटी त्या नोकरीनेच त्याचा जीव घेतला. सोन्याची खोली राजवाड्यात नेल्याच्या पुढच्याच वर्षी कितानोच्या देवळात हिदेयोशीने भरवलेल्या मोठ्या चहामेळाव्यात शेतकऱ्यांसह कोणीही यावे, चहा नसेल तर भाजलेल्या धान्याचे पीठ चालेल, असे जाहीर केले होते. दहा दिवस ठरलेला तो मेळावा एका दिवसात आटोपला. हे आमंत्रणसुद्धा सोन्याच्या खोलीइतकेच सत्तेचे प्रदर्शन होते, फक्त त्याचा वेश साधा होता. आणि मला ते सोन्यापेक्षा जास्त फसवे वाटते.

खरा ऱ्हास दुसरीकडे झाला. रिक्यूचा शिष्य फुरुता ओरिबे (1544–1615) याच्या चहाच्या बैठकीत 1599 मध्ये एक वाकडा, गमतीदार वाडगा आल्याची नोंद एका व्यापाऱ्याच्या रोजनिशीत आहे. ओरिबेच्या नावाची भांडी मुद्दाम दाबून वाकवलेली, जोड्याच्या आकाराची, ठिपक्या-रेघांनी रंगवलेली असतात. बागेतल्या पावलापुरत्या दगडांबद्दल परंपरा सांगते, की रिक्यूच्या मते ते सहा भाग चालण्यासाठी आणि चार भाग पाहण्यासाठी असावेत, आणि ओरिबेने हे प्रमाण उलटे केले. ओरिबेला मी दोष देत नाही. त्याची वाकडी भांडी आपण मुद्दाम वाकवलेली आहोत हे मोकळेपणाने सांगतात. दोष त्यानंतरच्या, वाकडेपणालाच सहजता समजून त्याची नक्कल करणाऱ्यांचा आहे. क्योतोजवळच्या कितायामात सुगी नावाची सूचिपर्णी झाडे सरळ, निकोप वाढवतात आणि त्यांचे गुळगुळीत खांब चहाच्या खोल्यांसाठी जातात. या कष्टाला तोड नाही. पण तिथेच जिवंत झाडाच्या खोडाभोवती बारीक काड्या घट्ट बांधून ठेवतात, म्हणजे काही वर्षांनी खोडावर सुरकुत्या उमटतात आणि तो खांब निसर्गात झाल्यासारख्या लाटा मिरवत कोनाड्याशेजारी उभा राहतो. हा खांब छताचा भार अधिक चांगला पेलत नाही, पाहुण्याला काही देत नाही. त्याच्या सुरकुत्या केवळ निसर्गाची हुबेहूब नक्कल करतात. त्याच्यापेक्षा साधा रंधा मारलेला चौकोनी खांब शंभर पटींनी सहज आहे.

जपानात किंवा भारतातल्या एखाद्या सांस्कृतिक कार्यक्रमात चहाविधीला बसण्याचा योग आला, तर खोलीतल्या शांततेने आणि वस्तूंच्या जुनेपणाने भारून जाण्याआधी थोडे वस्तूंकडे आणि हातांकडे पाहा. वाडगा या ऋतूला योग्य आहे का, तो हाताला भाजतो का, यजमान पुसतो ते पुसण्यासाठी की दाखवण्यासाठी, फूल आहे ते जवळच्या मातीतले की लांबून आणलेले, हे प्रश्न मनात असू द्या. चहा पिऊन झाला की वाडगा दोन्ही हातांनी, कोपरे खाली टेकवून, जमिनीपासून फार वर न उचलता फिरवून पाहायची पद्धतच आहे. त्याचे बुडाखालचे कडे पाहा. कुंभाराने काम कुठे थांबवले ते तिथे सर्वांत स्पष्ट कळते. मग तो कोणी केला, कुठला आहे, आज हाच का काढला, हे विचारा. हे विचारणे शिष्टाचाराला धरूनच आहे, आणि विधीत त्यासाठी वेळ राखून ठेवलेला असतो.